उमेदवाराचं शिक्षण एका ओळीत उरकू नका

प्रति,
मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

निवडणूक आली की आपल्या पेपरात उमेदवारांची ओळख येते. फोटो, नाव, पक्ष, वय, आणि खाली "शिक्षण : बी.ए., व्यवसाय : शेती व समाजकार्य". झालं, संपला माणूस. मी हे पान दर वेळी बारकाईने वाचतो आणि दर वेळी तेच वाटतं, की ज्याच्या हातात आपण पाच वर्षं तालुका देणार त्याच्याबद्दल आपल्याला एवढंच कळणार असेल तर मग मतदाराने ठरवायचं तरी कशावरून? बी.ए. कुठनं केलं, कसं केलं, त्यानंतर पुढची वीस-पंचवीस वर्षं हा माणूस काय करत होता, कुठल्या पदावर बसला, त्या पदावर बसून काय शिकला, हे कुठेच नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबणार आहे, पण जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

माझी नोकरी जिल्हा परिषदेत गेली, कारकून म्हणून लागलो आणि बराच काळ सभेच्या कामाला होतो, म्हणजे विषयपत्रिका काढायची, सभासदांना नोटिसा पोचवायच्या, सभेत बसून टिपणं घ्यायची आणि नंतर इतिवृत्त, म्हणजे सभेत काय झालं त्याची नोंद, लिहायचं. त्यामुळे पुढारी कसा घडतो हे मी भाषणांवरून नाही तर सभागृहाच्या मागच्या खुर्चीवरून बघितलंय. आणि राहायला तासगाव तालुक्यात, त्यामुळे ह्या विषयावर बोलायचं म्हटलं की आमच्याकडे पहिलं नाव येतं ते आर. आर. पाटलांचं, आबांचं. पक्ष कुठला ते जरा बाजूला ठेवा, त्यांचा प्रवास कसा झाला तेवढं बघा.

अंजनी हे गाव, जन्म 16 ऑगस्ट 1957. घरची परिस्थिती बेताची, दुष्काळी पट्टा. शाळा गावाकडे आणि पुढे सांगलीत शांतिनिकेतनमध्ये, कमवा आणि शिका योजनेत राबून शिक्षण घेतलं, बी.ए. केलं, मग एलएल.बी. केलं. आता पेपरातल्या ओळखीत हे कसं येईल? "शिक्षण : बी.ए., एलएल.बी." बापाने फी भरून आणि गाडी देऊन मुलाला कॉलेजला धाडलं तरी तीच ओळ, आणि स्वतः अंगमेहनत करून शिकलेल्या पोराचीही तीच ओळ. डिग्री सारखी असेल, पण त्या डिग्रीमागची वर्षं सारखी नाहीत ना, आणि सत्तेत गेल्यावर माणूस कोणाच्या बाजूने विचार करतो ते बरंचसं ह्या वर्षांत ठरतं असं माझं ठाम मत आहे.

कमवा आणि शिका हे आमच्या सातारा-सांगली भागात नवीन नव्हतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 ला काले गावी रयत शिक्षण संस्था काढली तेव्हापासून ही रीत इकडे मुरलेली आहे, पोरांनी श्रम करायचे, वसतिगृहात सगळ्या जातींच्या पोरांनी एकत्र राहायचं, आणि शिकायचं. ह्या वातावरणातून नुसते मास्तर आणि साहेब नाही तर राजकारणी पण तयार झाले, दोन-तीन पिढ्या झाले. म्हणून मी म्हणतो की कॉलेजचं नाव छापा, कुठल्या वसतिगृहात राहिला ते छापा, शिकताना काय काम केलं ते छापा. डिग्रीच्या नावापेक्षा ह्यातनं माणूस जास्त कळतो.

आता त्यापुढचा भाग, आणि माझ्या मते हाच खरा भाग आहे. आबा 1979 ला सावळज गटातून (गट म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ) जिल्हा परिषदेवर निवडून आले, वय किती तर बाविशीच्या आसपास. आणि 1990 पर्यंत ते जिल्हा परिषदेतच होते. एवढी वर्षं कशी काय असं नवीन पोरांना वाटेल, तर त्या काळात महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या निवडणुका 1979 नंतर थेट 1992 ला झाल्या, मधल्या काळात मुदतीवर मुदत वाढत गेली. ते चुकीचंच होतं, त्याबद्दल खाली लिहितोच. पण ह्या एका माणसाच्या बाबतीत झालं असं की ऐन तारुण्यातली दहा-अकरा वर्षं त्यांची जिल्हा परिषदेच्या सभागृहात गेली. 1990 ला आमदार झाले आणि मग 1995, 1999, 2004, 2009, 2014, सलग सहा वेळा. 1999 ला ग्रामविकास मंत्री झाले आणि लगेच 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं.

हे अभियान बघा जरा, कारण त्यात तो सगळा आधीचा अभ्यास दिसतो. सरकारने प्रत्येक गावाला पैसे वाटले नाहीत, गावागावांत स्पर्धा लावली आणि बक्षिसं ठेवली. काम गावाने करायचं, श्रमदानाने करायचं. ही कल्पना मुंबईत बसून फाईल वाचणाऱ्याला सुचणं अवघड आहे, कारण गावात निधी आला की तो कसा मुरतो आणि शेजारच्या गावाने बक्षीस मिळवलं की आपलं गाव कसं पेटून उठतं, दोन्ही गोष्टी ज्याने गटात फिरून बघितल्यात त्यालाच हे सुचणार. आमच्याकडे तर बायका, म्हातारी माणसं, शाळेची पोरं, सगळी सकाळी झाडू घेऊन बाहेर पडायची आणि तपासणी समिती येणार म्हटलं की गावात दिवाळी असल्यासारखं वातावरण. गटारं साफ झाली, भिंतींवर रंग आले, उकिरडे गावाबाहेर गेले. पुढे 2007 ला तंटामुक्त गाव मोहीम आली ती पण त्याच विचारातून, गावातले वाद गावातच मिटवा म्हणून. तोवर ते गृहमंत्री होते, पण विचार करायची पद्धत जिल्हा परिषद सदस्याचीच होती.

सगळं चांगलंच झालं असं मी म्हणत नाही. 2005 ला डान्सबार बंदीचा कायदा केला, तो हायकोर्टात 2006 ला आणि सुप्रीम कोर्टात 2013 ला टिकला नाही. 26/11 नंतर त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं, ते फार लागलं लोकांना, आणि त्यांना गृहमंत्रीपद सोडावं लागलं. 2009 ला परत गृहमंत्री झाले. 16 फेब्रुवारी 2015 ला गेले. हे सगळं एकत्र ठेवलं तरच प्रवास म्हणता येईल, नुसता गौरव किंवा नुसती टीका ह्याचा मतदाराला उपयोग नाही.

आता जिल्हा परिषदेत माणूस शिकतो म्हणजे नेमकं काय शिकतो, ते मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून सांगतो. नवीन सभासद पहिल्या सर्वसाधारण सभेला येतो तेव्हा त्याच्या हातात विषयपत्रिका असते, पहिला विषय मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, आणि नव्वद टक्के नवीन लोक तिथे मान हलवतात, "मंजूर मंजूर". त्यांना माहीतच नसतं की मागच्या सभेत काय ठरलं आणि इतिवृत्तात काय लिहिलं ह्यात फरक असू शकतो, आणि एकदा कायम झालं की मग बोंबलून उपयोग नाही. मग शेवटी येतात आयत्या वेळचे, म्हणजे पत्रिकेत नसलेले विषय, लोक जेवणाला उठायच्या घाईत असतात, आणि नेमके तिथेच मोठे मोठे खर्च मंजूर होऊन जातात. जो सभासद हुशार असतो तो वर्षभरात हे दोन्ही ओळखतो. इतिवृत्त आधी मागून घेतो, वाचून येतो, आणि आयत्या वेळच्या विषयाला थांबून बसतो. हे कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

तसंच बजेटचं. लेखाशीर्ष (हिशोबातलं खर्चाचं खातं), सेस फंड (जिल्हा परिषदेचा स्वतःचा निधी), पुनर्विनियोजन हे शब्द ऐकून सुरवातीला सगळेच गांगरतात. मला एक सभासद बाई आठवतात, नाव लिहीत नाही, आरक्षणातून आलेल्या, शाळा सातवीपर्यंत. पहिले काही महिने त्या सभेत काही बोलायच्या नाहीत पण सभा संपली की आमच्या टेबलाजवळ यायच्या आणि विचारायच्या, "भाऊ, हे पुनर्विनियोजन म्हणजे काय ओ?" मी सांगायचो, की ताई, एका कामाला ठेवलेला पैसा उरला म्हणून दुसऱ्या कामाला वळवायचा. त्या वहीत लिहून घ्यायच्या. पुढच्या वर्षी एका सभेत शाळा दुरुस्तीचा अहवाल वाचला जात होता, त्यांच्या गटातल्या एका शाळाखोलीचं काम पूर्ण म्हणून दाखवलेलं, आणि बाई उभ्या राहिल्या, म्हणाल्या मी काल तिथं जाऊन आलेय, भिंती उभ्या आहेत, स्लॅबच टाकलेला नाही, मग पूर्ण कसं, आणि स्लॅबचा पैसा वळवला असेल तर कुठल्या लेखाशीर्षात वळवला ते सांगा. सभागृह शांत. अधिकारी कागद चाळायला लागले. स्लॅब नंतर पडला. आता सांगा, त्या बाईंची ओळख छापताना "शिक्षण : 7 वी" एवढंच छापलं तर वाचणारा काय समजेल? आणि हेच मला सगळ्यात जास्त खुपतं.

शिक्षणाची अट पाहिजे की नको ह्यावर आपल्याकडे मधून मधून वाद होतो. आपल्या राज्यात 1 जानेवारी 1995 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला सरपंच व्हायचं तर किमान सातवी पास लागतं. हरयाणाने पंचायतीसाठी अट घातली आणि डिसेंबर 2015 मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली, राजस्थानने घातलेली अट 2019 ला काढून टाकली. माझं म्हणणं असं की सातवीच्या अटीने आमच्या पिढीचं नुकसान झालं नाही कारण ती फक्त नव्या पोरांना आहे, आणि नव्या पोरांनी सातवी तरी व्हावं हे कोणीही म्हणेल. पण त्याच्यावर जाऊन डिग्रीची अट मागणारे लोक असतात, ते मला पटत नाही. वसंतदादा पाटलांचं शालेय शिक्षण सातवीच्या आसपास थांबलं, स्वातंत्र्यलढ्यात उतरले, 24 जुलै 1943 ला सांगलीच्या तुरुंगातून तट ओलांडून पळाले, आणि हाच माणूस पुढे मुख्यमंत्री असताना 1983 ला विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देतो. त्या निर्णयाचे बरेवाईट परिणाम आपण सगळेच भोगतोय, कॉलेजं पुढाऱ्यांची झाली, फिया वाढल्या, हे खरं, पण महाराष्ट्रातल्या लाखो पोरापोरींना इंजिनिअर व्हायला कर्नाटकात जायची गरज राहिली नाही हेही तेवढंच खरं. सातवी शिकलेल्या माणसाला उच्च शिक्षणाचं कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी ह्याचा विचार करावा.

आणि उलट बाजूला यशवंतराव चव्हाण बघा. देवराष्ट्रे गाव, लहानपणी वडील गेलेले, कऱ्हाडचं टिळक हायस्कूल, मग कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, मग पुण्याला वकिली. शिकायची भूक जबरदस्त. 1946 ला आमदार झाले, पुढे मुख्यमंत्री झाले आणि त्यांच्याच काळात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशीवरून जिल्हा परिषद आणि पंचायत समितीचा 1961 चा कायदा झाला, 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. म्हणजे ज्या पायरीवरून पुढे आबांसारखी खेड्यातली पोरं वर चढली ती पायरी बांधणारा माणूस हा भरपूर शिकलेला होता. दादांचं शिक्षण कमी, यशवंतरावांचं जास्त, आणि दोघांचाही प्रवास पूर्ण वाचल्याशिवाय दोघंही कळत नाहीत. एवढंच माझं म्हणणं.

कितीतरी नावं घेता येतील. विलासराव देशमुख पुण्यात शिकून, वकिली करून गावी परतले आणि बाभळगावचे सरपंच झाले, मग पुढे. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात शिपाई होते, नंतर पोलिसात फौजदार झाले, मग 1974 ला करमाळ्यातून आमदार. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, वकील, शेतकरी कामगार पक्ष कधी सोडला नाही, 1962 पासून 2014 पर्यंत अकरा वेळा निवडून आले आणि मधे दोन वेळा पडलेही. देवेंद्र फडणवीस 1992 ला नागपूर महापालिकेत नगरसेवक, 1997 ला महापौर, मग 1999 ला आमदार. एकनाथ शिंदे ठाण्यात रिक्षा चालवायचे, 1997 ला नगरसेवक, 2004 ला आमदार, आणि मंत्री असताना 2020 ला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.ए. झाले. वेगवेगळ्या पक्षांचे, वेगवेगळ्या स्वभावाचे लोक आहेत हे, कोणाला कोण आवडेल कोण नाही. पण ह्यातले बरेच जण ग्रामपंचायत किंवा महापालिकेतून वर आलेत, तिथे पडत झडत शिकलेत.

आणि आता ती पायरीच आपण काढून घेतली की काय अशी भीती वाटते. 73 वी घटनादुरुस्ती झाली तेव्हा त्यात स्पष्ट लिहिलं गेलं की पंचायतीची मुदत पाच वर्षं, त्यापुढे नाही, आणि मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची. 74 व्या दुरुस्तीत शहरांसाठी तेच. का लिहिलं? तर 1979 ते 1992 सारखं परत होऊ नये म्हणूनच. आणि तरीसुद्धा 2022 च्या मार्चमध्ये मुंबई महापालिकेची आणि बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक बसले. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात होता हे मान्य, 4 मार्च 2021 च्या निकालाने तिहेरी चाचणीची, म्हणजे आयोग नेमा, आकडेवारी काढा आणि एकूण आरक्षण 50 टक्क्यांच्या आत ठेवा अशी अट आली, मग त्यासाठी बांठिया आयोग आला, मग प्रभागरचनेचे वाद आले. पण शेवटी 6 मे 2025 ला सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की चार आठवड्यांत अधिसूचना काढा. तीन वर्षांहून जास्त काळ सभागृहं बंद. त्या काळात बाविशीतली किती पोरं पोरी असतील, ज्यांनी जिल्हा परिषदेला उभं राहायचं ठरवलं होतं, गटात फिरायला सुरवात केली होती, आणि मग निवडणूकच नाही म्हटल्यावर कोणी पुण्याला कंपनीत लागलं, कोणी दुकान टाकलं, कोणी कुणाच्या तरी मागे बॅनर लावत फिरायला लागलं.

त्याच्या आधीची पायरी तर कधीच गेली. कॉलेजातल्या थेट निवडणुका 1990 च्या दशकात बंद झाल्या, हाणामाऱ्या होत होत्या म्हणून, कारण खरं होतं. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात परत तरतूद झाली पण प्रत्यक्षात पोरांच्या हातात काही आलं नाही. मग राजकारणात यायचं तर रस्ता कुठला उरतो? एकतर घरात आमदारकी पाहिजे नाहीतर खिशात पैसा पाहिजे. आमच्याच तालुक्यात आबा गेल्यावर 2015 च्या पोटनिवडणुकीत सुमनताई निवडून आल्या, आणि 2024 ला रोहित पाटील वयाच्या पंचविशीत आमदार झाले, राज्यातले सगळ्यात तरुण. लोकांनी मनापासून निवडून दिलं, त्यांच्या कामाचं माप लोक घेतीलच, माझा त्यांच्यावर राग नाही. मला काळजी आहे ती अंजनीतल्या, सावळजमधल्या, किंवा कुठल्याही गावातल्या त्या दुसऱ्या पोराची, ज्याचा बाप आमदार नव्हता. 1979 ला अशाच एका पोराला जिल्हा परिषदेचं तिकीट मिळालं होतं.

बायकांच्या बाबतीत अजून एक अडचण आहे, ती कोणी लिहीत नाही. 2011 पासून आपल्याकडे स्थानिक संस्थांत महिलांना 50 टक्के आरक्षण आहे, फार चांगलं झालं. पण आरक्षण फिरतं असतं, म्हणजे बाई पाच वर्षं शिकते, लेखाशीर्ष ओळखायला लागते, अधिकाऱ्याला प्रश्न विचारायला लागते, आणि पुढच्या वेळी तो गट खुला होतो किंवा दुसऱ्या प्रवर्गाला जातो, आणि मग पक्ष म्हणतो, ताई आता साहेबांना उभं राहू द्या. शिकलेलं सगळं घरी जातं. वर मी ज्या बाईंचं लिहिलं त्यांचंही असंच झालं. पक्षांनी ठरवलं तर खुल्या गटातून पण बाईला तिकीट देता येतं, कायद्याने अडवलेलं नाही. आणि पेपरवाल्यांनी तिच्या पाच वर्षांच्या कामाचा हिशोब छापला असता तर पक्षाला तिला डावलणं एवढं सोपं गेलं नसतं.

शपथपत्राचं पण थोडं लिहितो. आज उमेदवाराचं शिक्षण, मालमत्ता, गुन्हे हे आपल्याला कळतं ते सुप्रीम कोर्टाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे, त्याआधी मतदाराला ह्यातलं काही मागायचा हक्कच नव्हता. विधानसभेच्या उमेदवाराच्या शपथपत्रात, म्हणजे फॉर्म 26 मध्ये, शिक्षणाच्या रकान्यात नुसती डिग्री नाही तर शाळा-कॉलेज-विद्यापीठाचं नाव आणि वर्ष पण लिहावं लागतं. खोटं लिहिलं तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 125अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. मणिपूरच्या एका आमदाराने एम.बी.ए. लिहिलं, ते खोटं निघालं, आणि 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची निवडणूक रद्द धरली आणि सांगितलं की उमेदवाराचं शिक्षण जाणून घेणं हा मतदाराचा हक्क आहे. कमी शिकलेला असणं हा गुन्हा नाही, खोटं सांगणं आहे. म्हणजे कायद्याने आपल्यासमोर आधीच बरंच काही ठेवलंय, आणि तरी पेपरात येताना त्याची एक ओळ होते. कॉलेजचं नाव आणि वर्ष तरी छापा की, शपथपत्रात आहेच ते, वेगळं शोधायला जायची गरज नाही. विद्यापीठाला एक फोन केला तर खरं खोटं पण कळेल.

त्यापुढचं काम थोडं कष्टाचं आहे पण अशक्य नाही. जो माणूस आधी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद किंवा नगरपालिकेत होता त्याची सभांची हजेरी, कुठल्या समितीवर होता, कुठले ठराव मांडले, काय प्रश्न विचारले, हे सगळं इतिवृत्तात असतं. इतिवृत्त हे सार्वजनिक कागदपत्र आहे, माहिती अधिकारात मिळतं, अर्जाची फी दहा रुपये. जिल्हा परिषदेची सर्वसाधारण सभा तीन महिन्यांतून किमान एकदा होते, म्हणजे पाच वर्षांची मिळून फार मोठी थप्पी होत नाही, एक बातमीदार आठवडाभर बसला तर एका तालुक्यातल्या सगळ्या जुन्या सभासदांचा हिशोब निघतो. कोण पाच वर्षांत एकदाही बोलला नाही ते कळेल. कोणी फक्त ठेकेदाराच्या बिलावर तोंड उघडलं ते कळेल. आणि कोणी शाळाखोलीच्या स्लॅबसाठी अधिकाऱ्यांना उभं केलं तेही कळेल. नवीन उमेदवार असेल तर मग त्याने सोसायटीत, दूध संघात, पाणी वापर संस्थेत, शाळेच्या व्यवस्थापन समितीत काय केलं ते विचारा, "समाजकार्य" ह्या शब्दावर थांबू नका, कुठलं समाजकार्य, कुठल्या वर्षी, कोणाबरोबर, असं विचारा. तरुण उमेदवारांना मुद्दाम विचारा की शिकायला पैसे कुठून आले, काम काय केलं. लाजण्यासारखं त्यात काही नाही, उलट लोकांना ते आवडतं.

आणि निवडून आलेल्यांसाठी पण एक सांगतो. पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे, तिथे आणि जिल्ह्यात सभासदांची प्रशिक्षणं होतात. बरेच सभासद येतात, सही करतात, जेवतात आणि जातात. कोण शेवटपर्यंत बसलं ते आपल्या पेपरात एकदा छापून बघा, पुढच्या वेळी हॉल भरलेला दिसेल.

इतिवृत्त वाचायला सुरवातीला जड जातं, भाषा सरकारी असते, "चर्चेअंती सर्वानुमते मंजूर" अशा वाक्यामागे काय घडलंय ते सवयीने कळतं. आपल्या तालुक्यातल्या बातमीदारांपैकी कोणाला शिकायचं असेल तर मी शिकवायला तयार आहे, कुठल्याही दिवशी, मानधन नको. माझा पत्ता आपल्या कार्यालयात ह्या पत्रासोबत दिला आहे, छापायला मात्र नाव नको.

आपला,
एक निवृत्त जिल्हा परिषद कर्मचारी
ता. तासगाव, जि. सांगली